मेस्त्रींच्या घरातला कॅमेरा

कोल्हापूरला कलापूर म्हणण्याचा प्रघात जुना आहे. त्याची एक खूण शहरात खरी कॉर्नरला उभी आहे. ती म्हणजे कॅमेऱ्याचा स्तंभ. गावोगावी राजांचे, वीरांचे, पुढाऱ्यांचे पुतळे असतात. परंतु एखाद्या यंत्राला स्मारकाचा मान मिळालेला क्वचितच आढळतो. हा मान ज्यांच्यामुळे मिळाला ते कलामहर्षी बाबूराव पेंटर. देशी बनावटीचा पहिला चित्रपट-कॅमेरा त्यांनी तयार केला, असे एक वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातही तेवढेच वाक्य असते. मला मात्र वाटते की, त्या एका वाक्याने माणूस झाकला गेला. कॅमेरा त्यांनी केला हे खरेच. पण तो त्यांना करता कसा आला, आणि केल्यानंतर त्यांनी त्यातून पाहिले काय, हे दोन प्रश्न त्या वाक्यात शिल्लक राहतात. या लेखात मी त्यांचाच मागोवा घेणार आहे.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराण्याचे आडनाव मेस्त्री. आडनावातच व्यवसाय होता. वडील कृष्णराव हे हातचे कारागीर. सुतारकी, लोहारकी आणि त्याच्या जोडीने मूर्तिकाम, चित्रकाम असे सारे त्या घरात चालत असे. पटाशी कशी धरावी, लोखंड कितपत तापले म्हणजे वाकते, रंगात तेल किती घालावे, या गोष्टी त्या घरातील मुलाला कोणी धडा म्हणून शिकवत नाही. त्या बघता बघता हातात येतात. बाबूराव चित्रकलेच्या कोणत्याही विद्यालयात गेले नाहीत. तैलचित्र आणि शिल्प या दोन्ही कला त्यांनी स्वतःच आत्मसात केल्या. कलाविद्यालयातून शिकून आलेल्या माणसाच्या तोडीचे त्यांचे काम होते, हे त्यांच्या चित्रांकडे पाहून कोणीही मान्य करील.

काळही अनुकूल होता. राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात मल्लांना, गवयांना, चित्रकारांना आणि नटांना आसरा होता. आबालाल रहिमान यांच्यासारखा थोर चित्रकार त्याच गावात वावरत होता. संगीत नाटकांचा तो बहराचा काळ. नाटक मंडळ्यांना रंगवलेले पडदे लागत. राजवाडा, रस्ता, अरण्य, देऊळ अशा प्रत्येक देखाव्याला वेगळा पडदा. बाबूराव आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव या दोघांनी हे काम हाती घेतले. १९१० ते १९१६ या काळात पश्चिम भारतातील नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवणाऱ्यांत या भावांचे नाव अग्रभागी होते. मराठी संगीत मंडळ्यांप्रमाणे गुजराती आणि पारशी मंडळ्यांचीही कामे त्यांच्याकडे येत. पुढे मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि पेंटर हेच नाव लोकांच्या तोंडी बसले.

पडदा रंगवणे वरवर साधे वाटते. वास्तविक सपाट कापडावर खोली भासवणे हे त्यातले कौशल्य. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही राजवाड्याचे खांब एकामागे एक उभे असल्यासारखे दिसले पाहिजेत. पुढे बाबूरावांना चित्रपटात जे करावयाचे होते, त्याचा अभ्यास या पडद्यांवरच सुरू झाला होता, असे मला वाटते.

याच सुमारास एक नवा पडदा देशात आला होता. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखवली गेली. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला जाऊन कॅमेरा आणि इतर सामान घेऊन आले, आणि ३ मे १९१३ रोजी त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. पेंटर बंधूंनी तो पाहिला आणि ते त्या वेडाने झपाटले. पडदा रंगवणाऱ्या माणसाला पडदाच हलताना दिसला, तर त्याचे मन थाऱ्यावर राहील कसे?

फाळके विलायतेला गेले होते. हे दोघे भाऊ मुंबईच्या जुन्या बाजारात गेले. तेथून त्यांनी चित्रपट दाखवण्याचे एक यंत्र, प्रोजेक्टर, विकत आणला. त्यावर खेळ दाखवून ते चार पैसे मिळवू लागले. पण त्यांचे खरे लक्ष यंत्राच्या पोटात होते. चित्र हलते म्हणजे नेमके काय होते, हे ते रोज खेळ दाखवता दाखवता शिकत होते. प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही एकाच कुळातील यंत्रे. एकातून उजेड बाहेर जातो, दुसऱ्यात उजेड आत येतो. परंतु फिल्म थांबत थांबत पुढे सरकवण्याची युक्ती दोन्हींकडे लागते. त्यामुळे ज्याला प्रोजेक्टर समजला त्याला कॅमेऱ्याची अर्धी विद्या मिळाली, असे म्हणावयास हरकत नाही.

ही युक्ती मला पुस्तकातून नीट समजली नव्हती. फोटोच्या फिल्मचा एक जुना झेनिट कॅमेरा मी जुन्या बाजारातून थोडक्या पैशांत घेतला होता. त्याची कळ ओढली तरी रोल पुढे सरकत नसे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. वडील तालुक्याच्या गावी शेतीपंपाच्या मोटारी भरून देतात. त्यांनी जन्मात कॅमेरा उघडला नव्हता. तरी घड्याळजीचा बारीक पेचकस मागून आणून त्यांनी तळाची पत्री काढली, आतल्या दातेरी चाकावरचे वाळून चिकट झालेले ग्रीस पेट्रोलने पुसले आणि थेंबभर तेल सोडले. चाक फिरू लागले. त्या चाकाचे दाते फिल्मच्या कडेच्या भोकांत अडकतात आणि दर फोटोला फिल्म आठ भोके पुढे सरकते, हे तेव्हा मी प्रथम डोळ्यांनी पाहिले.

चित्रपटाची फिल्मही तीच, ३५ मिलिमीटर रुंदीची. फरक इतकाच की, चित्रपटाच्या कॅमेऱ्यात ती उभी धावते आणि एका चित्राला चार भोके लागतात. मूकपटाच्या काळात कॅमेरामन हाताने दांडा फिरवीत असे. साधारणपणे सेकंदाला दोन फेरे आणि एका फेऱ्यात आठ चित्रे. म्हणजे सेकंदाला सोळा. एका फूट फिल्मवर चित्रेही सोळाच मावतात. म्हणजे दर सेकंदाला एक फूट फिल्म आतून जावयाची. परंतु ती सलग गेली तर सारे चित्र पुसट होईल. म्हणून एका आकड्याने तिला चार भोके खाली ओढावयाचे, तिथे ती क्षणभर निश्चल ठेवावयाची, तेवढ्यात झडप उघडून उजेड आत घ्यावयाचा, झडप मिटावयाची आणि मग पुन्हा ओढावयाचे. हे सारे एका सेकंदात सोळा वेळा! त्यात केसभर फरक पडला तरी पडद्यावर तो शेकडो पटींनी मोठा होतो आणि चित्र थरथरू लागते. पटाशी आणि कानस चालवून वाढलेल्या माणसांनी हे साधावयाचे ठरवले, याचे मोल तो झेनिट उघडल्यावर मला अधिक कळले.

कॅमेरा जुळवण्याचे काम आनंदरावांनी सुरू केले होते. ते काम अर्ध्यावर असतानाच १९१६ साली त्यांचे अकाली निधन झाले. बाबूराव तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. भाऊ गेला, व्यवसायातील भागीदार गेला आणि घरात एक अपुरे यंत्र राहिले. महायुद्ध चालू होते. विलायती माल दुर्मीळ आणि महाग झाला होता. बाबूरावांनी ते काम तिथेच सोडले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पडद्यांची कामे होतीच. परंतु त्यांनी भावाचे अपुरे काम पुढे चालवले. त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यंत्राच्या कामात अत्यंत निष्णात होते. गुरू आणि शिष्य दोघांनी मिळून १९१८ साली चालता कॅमेरा तयार केला. म्हणून या कॅमेऱ्याचे श्रेय देताना तीन नावे एकत्र घ्यावीत, असे मला वाटते: आनंदराव, बाबूराव आणि दामले. एकाने आरंभ केला, एकाने नेटाने तडीस नेले आणि एकाने हात दिला.

महाराष्ट्र फिल्म कंपनी याच काळात उभी राहिली. तिला भांडवल हवे होते आणि कारागिराच्या हाती पैसा नव्हता. अशा वेळी तानीबाई कागलकर यांनी कर्ज दिले. ‘सीता स्वयंवर’ हा चित्रपट करावयाचे ठरले, परंतु स्त्रीभूमिका करण्यास कोणी स्त्री पुढे येईना. रंगभूमीवर पुरुष लुगडे नेसून उभा राहिला तरी प्रेक्षक मान्य करीत. कॅमेरा मात्र जवळून पाहतो. बाबूरावांनी तो बेतच सोडून दिला.

पुढे ‘सैरंध्री’साठी गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी तयार झाल्या. पडद्यावर त्यांची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी झाली. याची किंमत त्यांना मोजावी लागली. त्यांच्या समाजाने त्यांना वाळीत टाकले आणि त्यांना कंपनीच्याच आवारात आसरा घ्यावा लागला. तिथे त्या मंडळींच्या स्वयंपाकपाण्यालाही हातभार लावीत. कोल्हापूरच्या चित्रपटाचा गौरव करताना या दोघींची आठवण फारशी निघत नाही. कॅमेरा करणाऱ्याला स्तंभ मिळाला. त्या कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याचे धैर्य दाखवणाऱ्यांना मात्र घर सोडावे लागले, हेही आपण लक्षात ठेवले पाहिजे.

‘सैरंध्री’ १९२० च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात लागला. भीमाने केलेला कीचकवध बाबूरावांनी इतका हुबेहूब उभा केला होता की, त्या दृश्यावर परिनिरीक्षकांनी आक्षेप घेतला. चित्रपट गाजला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. लोकमान्यांच्या आयुष्याचे ते अखेरचे वर्ष होते.

यानंतरची पाच-सहा वर्षे महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या भरभराटीची. बाबूरावांनी रंगवलेला सपाट पडदा मागे ठेवून त्या जागी खऱ्या खोलीचे, वावरता येण्याजोगे देखावे उभे केले. स्वतः पडदे रंगवून नाव मिळवलेल्या माणसाने आपलीच विद्या बाजूला ठेवावी, ही सोपी गोष्ट नव्हे. चित्रीकरणापूर्वी ते पात्रांची, पोशाखांची, हालचालींची रेखाटने करून ठेवीत. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. तोवर सूर्य हाच आपल्या चित्रपटाचा दिवा होता. ढग आला की काम थांबत असे. ‘सिंहगड’ला लोटलेली गर्दी पाहून सरकारच्या महसूल खात्याला करमणूक कर बसवण्याची कल्पना सुचली, असे सांगतात. चित्रपटाची माहिती देणाऱ्या सचित्र पुस्तिका त्यांनी काढल्या आणि जाहिरातीची भित्तिचित्रे स्वतःच्या कुंचल्याने रंगवली.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. त्यांनी कॅमेऱ्यातून पाहिले काय? देवदेवता पाहिल्या, पांडव पाहिले, मावळे पाहिले. प्रेक्षकांना तेच हवे होते आणि धंदाही त्यावरच चालत होता. पण १९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. त्यात राजवाडा नाही, चमत्कार नाही. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो आणि तो शेतकरी गाव सोडून शहरात गिरणीकामगार होतो, एवढीच त्याची कथा. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून या चित्रपटाविषयी मला विशेष वाटते. त्याच्या आधी बरोबर पन्नास वर्षे, १८७५ साली, पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली होती. त्या उठावानंतर १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. तो आमच्या अभ्यासक्रमात आहे. परंतु कायदा झाला म्हणून कर्ज सुटले नाही, हे ज्याच्या घरात सात-बारा आहे त्याला सांगावे लागत नाही. हा विषय पुस्तकात होता, सरकारी अहवालात होता, भाषणांत होता. बाबूरावांनी तो पडद्यावर आणला. अक्षर न येणाऱ्या माणसालाही तो आता वाचता येणार होता.

प्रेक्षकांनी मात्र तो उचलून धरला नाही. लोकांना तिकीट काढून स्वतःचेच दुःख पाहावयाचे नव्हते. बाबूराव पुन्हा पौराणिक विषयांकडे वळले. काही जण याला माघार म्हणतील. मला ते तसे वाटत नाही, कारण कंपनीत अनेकांची पोटे होती आणि त्यांचा भार मालकावर होता. शिवाय हा विषय त्यांनी कायमचा टाकला नाही. बोलपट आल्यावर १९३६ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा केला. एकदा तोटा दिलेल्या विषयाकडे अकरा वर्षांनी परत जाणारा माणूस धंद्याचा हिशेब विसरलेला तरी असतो किंवा त्याला काही सांगावयाचेच असते. बाबूरावांच्या बाबतीत दुसरे खरे असावे.

मधल्या काळात कंपनीला मोठे खिंडार पडले होते. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्या साहाय्याने कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. १९३३ साली ती पुण्याला गेली. ज्या दामल्यांनी गुरूच्या बरोबरीने कॅमेरा केला, तेच आता वेगळ्या दाराने आत जाऊ लागले. गुरूच्या हयातीत शिष्य वेगळे होतात तेव्हा दोन्ही बाजूंना काय वाटत असेल, याचा अंदाज आपण बाहेरून करणे बरोबर नाही. एवढे मात्र खरे की, दामले-फत्तेलाल यांचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला आणि शांतारामांचे नाव देशभर झाले. ज्या हातांनी हे केले त्यांना वळण मेस्त्रींच्या कार्यशाळेत लागले होते. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली, तरी तिथली विद्या बंद पडली नाही.

१९३१ मध्ये चित्रपट बोलू लागला. बाबूरावांचे मन त्या नव्या प्रकारात फारसे रमले नाही. ‘उषा’, ‘प्रतिभा’ असे काही बोलपट त्यांनी केले. परंतु हळूहळू ते आपल्या मूळच्या चित्रकलेकडे आणि शिल्पाकडे परतले. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ आज पाहावयास मिळत नाही. त्यांच्या बहुतेक मूकपटांची हीच गत झाली. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती झटकन पेट घेई आणि नुसती डब्यात राहिली तरी कालांतराने चिकट होऊन तिची भुकटी होई. शिवाय फिल्मवर चांदी असते. ती काढून घेण्यासाठीही आपल्याकडे जुने चित्रपट नष्ट केले गेले. म्हणजे ज्यांनी कॅमेरा केला त्यांनी पाहिलेले बहुतेक सारे आज आपल्या डोळ्यांआड गेले आहे. आपण स्तंभ उभारला, पण त्या कॅमेऱ्यांतून निघालेली चित्रे राखू शकलो नाही. ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. आपण माणसाचा गौरव करतो आणि त्याचे काम उघड्यावर टाकतो.

आणखी एक विचार मनात येतो. आमच्यासारखी मुले कॉलेजात आली की, घरचा धंदा ही मागे सोडण्याची गोष्ट आहे, असे नकळत त्यांच्या मनावर ठसते. वडिलांना काय येते हे आपण वर्गात सांगत नाही. त्याला ज्ञान म्हणत नाही, नुसते काम म्हणतो. बाबूरावांचे चरित्र वाचल्यावर ही विभागणी मला खोटी वाटू लागली. त्यांना कॅमेरा करता आला, कारण त्यांच्या घरात लाकूड, लोखंड आणि रंग यांच्याशी बोलण्याची पिढीजात सवय होती. शेतकऱ्याच्या कर्जावर चित्रपट काढावासा वाटला, तो मात्र नुसत्या हाताचा गुण नव्हता. त्यासाठी आपल्या भोवतीचा समाज जाणावा लागतो. ही दोन्ही ज्ञाने एका माणसात नांदू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. मोटारी भरणाऱ्याच्या मुलाने इतिहास शिकावा आणि इतिहास शिकताना पेचकस धरावयास लाजू नये, एवढा धडा मी त्यांच्यापासून घेतला आहे.

आपल्या प्रत्येकाच्या गावात एखादा जुना फोटो स्टुडिओ असेल. त्याच्या माळ्यावर एखादा लाकडी कॅमेरा, एखादा बंद पडलेला प्रोजेक्टर, काचेच्या निगेटिव्हचे खोके धूळ खात पडले असेल. ते भंगारवाल्याला वजनावर देण्याआधी एकदा उघडून पाहावे. ज्याने ते यंत्र चालवले तो माणूस हयात असेल तर त्याच्याजवळ बसून, ते कसे चालत असे आणि त्यातून त्याने कोणाकोणाचे फोटो काढले, हे विचारून वहीत लिहून ठेवावे. आपल्या गावाच्या इतिहासाची काही पाने तिथे सापडतील.